न झोपणारी मुले : मेथॅम्फेटामिनचा इतिहास, धोका आणि उपचार

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हास आपल्या वसतिगृहाच्या पहिल्या तुकड्यांचा इतिहास लिहिण्याविषयी सुचविले होते. आमचा विषय इतिहास असल्यामुळे ही सूचना योग्यच होती. तथापि गेल्या तीन वर्षांत आमच्या मनात एका निराळ्या विषयाने घर केले आहे. वसतिगृहाच्या इतिहासावर लिहू शकणारे अनेक जण आहेत. या विषयावर मात्र आपल्या समाजात उघडपणे बोलले जात नाही. म्हणून मंडळाची क्षमा मागून आम्ही हा लेख लिहीत आहोत. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांनी तो एकदा शांतपणे वाचावा, एवढीच विनंती.

मेथॅम्फेटामिन या पदार्थाला मुले 'मेथ', 'आईस' किंवा 'क्रिस्टल' म्हणतात. दिसायला तो खडीसाखरेच्या किंवा तुरटीच्या चुऱ्यासारखा असतो. ईशान्य भारतात आणि म्यानमारच्या सीमेवर त्याच्या लाल-गुलाबी गोळ्या मिळतात, त्यांना 'याबा' म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात 'एमडी' म्हणून जो पदार्थ कुप्रसिद्ध आहे तो मेफेड्रोन. रसायन निराळे असले तरी तो याच कुळातला, मेंदूला चाबूक मारून जागे ठेवणारा आहे. पुष्कळदा मुलांना आपण यांपैकी नेमके काय घेतले, हेही ठाऊक नसते.

आम्हाला हा पदार्थ प्रथम पुस्तकात भेटला आणि नंतर घरात. घर हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत, कारण ज्याच्यामुळे आम्ही या विषयाकडे वळलो तो आपल्याच वसतिगृहात पाचवीपासून दहावीपर्यंत वाढलेला मुलगा. आईवडील ऊसतोड कामगार. दिवाळीनंतर ते कारखान्यावर जात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येत. मधल्या काळात त्याचे घर म्हणजे वसतिगृहच. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखे. पदवीनंतर स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेला. दिवसा अभ्यासिका आणि रात्री मोटारसायकलवरून घरोघरी जेवणाचे डबे पोहोचविण्याचे काम. खोलीत सहा जण. दोन वेळा पूर्वपरीक्षा पास झाला, मुख्य परीक्षेत दोन्ही वेळा थोडक्यात गेला. नंतर त्याचे फोन येणे कमी झाले.

एका पहाटे त्याच्या वडिलांचा फोन आला. "जयभीम सर. पोरगं घरी आलंय, पण चार रोज झाले डोळ्याला डोळा लावंना. आईला म्हणतंय भिंतीत माणसं हायेत, मोबाईलमधून बघत्यात. हातावर किडे फिरत्यात म्हणून कातडं ओरबाडून घेतलंय." वस्तीवर कुणी करणीचा संशय घेतला होता, कुणी देवऋषाचा पत्ता दिला होता. वडील धम्माच्या वाटेवरचे, त्यांनी ते ऐकले नाही. पण काय करावे हेही त्यांना कळेना.

येथे आमची चूक सांगणे भाग आहे. आम्ही म्हणालो, "अभ्यासाचा ताण आहे. दोन दिवस शेतावर राबवा, झोप लागेल." शिवाय मुलाला फोनवर घेऊन त्याला धीर देण्याऐवजी आम्ही त्याला बाबासाहेबांच्या 18 तासांच्या अभ्यासाची आठवण करून दिली आणि इच्छाशक्तीवर एक छोटेखानी व्याख्यान दिले. तो नुसते "हो सर, हो सर" म्हणत राहिला. त्या रात्री तो घरातून पळाला आणि तालुक्याच्या रस्त्यावर एका ट्रकखाली येता येता वाचला. पुढचे सारे शहाणपण आम्हास त्यानंतर आले.

इतिहासाच्या माणसाची सवय अशी की, एखादी गोष्ट समजली नाही तर तिच्या मुळाशी जावे. मेथचा इतिहास वाचू लागलो तेव्हा एक गोष्ट वारंवार समोर आली. सुखासाठी किंवा मौजेसाठी या पदार्थाचा प्रसार जेवढा झाला, त्याहून अधिक तो माणसाकडून जास्तीचे काम काढून घेण्यासाठी झाला.

चीनमध्ये शतकानुशतके दम्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इफेड्रा या झुडपातून जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी 1885 मध्ये इफेड्रिन वेगळे केले आणि त्यापासून 1893 मध्ये मेथॅम्फेटामिन तयार केले. (या झुडपाची एक जात हिमालयात वाढते, तिला आपल्याकडे सोमलता म्हणतात.) 1919 मध्ये आकिरा ओगाता यांनी ते स्फटिकरूपात आणले. पुढे जवळजवळ वीस वर्षे हे रसायन प्रयोगशाळेतच पडून होते. 1938 मध्ये बर्लिनच्या टेमलर कंपनीने 'पेरव्हिटिन' नावाने त्याच्या गोळ्या बाजारात आणल्या आणि जर्मनीत ते सहज विकत मिळू लागले. थकवा, उदासी, कामाचा कंटाळा यांवर रामबाण म्हणून त्याची जाहिरात होत असे. गृहिणींसाठी मेथ मिसळलेली चॉकलेटेही निघाली.

मग युद्ध आले. 1940 च्या एप्रिल ते जुलै या काळात, म्हणजे फ्रान्सवरील मोहिमेच्या सुमारास, जर्मन सैन्यासाठी या आणि याच प्रकारच्या सुमारे साडेतीन कोटी गोळ्या पुरविण्यात आल्या. सैनिक दिवसरात्र न झोपता पुढे सरकत राहिले. पुढे ज्यांना साहित्याचे नोबेल मिळाले ते हाइनरिश ब्योल तेव्हा साधे तरुण सैनिक होते. आघाडीवरून घरी लिहिलेल्या पत्रांत ते आईवडिलांकडे पेरव्हिटिन मागत असत. आईने मुलाला लाडू-चिवड्याचा डबा पाठवावा तशी ही मागणी. गोळ्यांनी माणसे कोसळू लागली, त्यांना वेड लागू लागले, हे डॉक्टरांच्या ध्यानी आले तेव्हा 1941 मध्ये जर्मन सरकारने पेरव्हिटिनवर अफूच्या कायद्याखाली निर्बंध आणले. सैन्यातला वापर मात्र पुरता थांबला नाही.

जपानची कथा आपल्यासाठी याहून अधिक बोधप्रद आहे. तेथे हेच औषध 'हिरोपोन' नावाने 1941 पासून विकले जात होते. हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून घेतले गेले त्याचा अर्थ 'श्रमाची आवड असणारा' असा होतो. दारूगोळ्याच्या कारखान्यांत रात्रपाळीचे कामगार आणि सैनिक ते घेत. युद्ध संपले, देश बेचिराख झाला आणि लष्कराच्या गोदामांत उरलेला साठा बाजारात आला. बेकार तरुण, निर्वासित, अनाथ मुले, रात्री जागून लिहिणारे लेखक, हमाल असे कितीतरी लोक त्याच्या आहारी गेले. 1951 मध्ये जपानने उत्तेजक द्रव्यांच्या नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा केला. 1954 या एका वर्षात त्या कायद्याखाली 55 हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. त्यानंतर शिक्षा कडक झाल्या, व्यसनी व्यक्तींना रुग्णालयात दाखल करण्याची तरतूद झाली, गावोगाव प्रचार झाला आणि देशात रोजगारही वाढू लागला. काही वर्षांतच अटकेचा आकडा हजाराच्या खाली आला. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर अभ्यासक वाद घालतात. आमचे मत असे की, रोजगाराचा वाटा मोठा असावा.

थायलंडमध्ये याच गोळीचे पूर्वीचे नाव 'या मा', म्हणजे घोड्याचे औषध. लांब पल्ल्याचे ट्रकचालक, ऊसशेतीतील आणि मासेमारी बोटींवरील मजूर ती घेत, कारण तिने घोड्यासारखे काम होते असा समज होता. लोकांच्या मनात भीती बसावी म्हणून सरकारने 1996 मध्ये त्याचे 'या बा', म्हणजे वेडाचे औषध, असे नामांतर केले. नाव बदलले, गोळी तीच राहिली. आज म्यानमारचा शान प्रांत मेथच्या उत्पादनाचे जगातील एक मोठे केंद्र मानला जातो आणि तेथून निघालेला माल मिझोराम-मणिपूरच्या वाटेने आणि समुद्रमार्गे भारतात येतो. 2024 च्या नोव्हेंबरात भारतीय तटरक्षक दलाने अंदमानच्या समुद्रात एका मासेमारी बोटीतून सुमारे साडेपाच हजार किलो मेथ पकडले.

हे सारे आपल्यापासून दूर आहे असे कुणी समजू नये. 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूर जिल्ह्यातील एका औषधनिर्मिती कारखान्यातून काही टन इफेड्रिन जप्त केले होते. मेथ बनविण्याचा कच्चा माल तो हाच. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला. कुरकुंभ आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या रोजच्या एस.टी.च्या रस्त्यावर आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात या प्रकारची उत्तेजके घेणाऱ्यांचे प्रमाण 0.18 टक्के, म्हणजे हजारात दोनपेक्षाही कमी, आढळले होते. आकडा लहान आहे हे आम्ही मान्य करतो. दारू आजही आपल्या वस्त्यांचा पहिला शत्रू आहे आणि तिच्याविषयी बोलणे थांबवावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी दारूच्या वाढत्या दुकानांना विरोध केला होता. 1956 च्या धम्मदीक्षेत बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ही परंपरा आपल्याला मुखोद्गत आहे. अडचण अशी की, दारूचा वास येतो, तोल जातो, घरच्यांना कळते. मेथ घेणारा मुलगा सुरुवातीला अधिक काम करतो, अधिक अभ्यास करतो, चटपटीत दिसतो. आईबाप खूश होतात.

आता हा पदार्थ शरीरात काय करतो, ते थोडक्यात. जेवण, शाबासकी, मैत्री, जिंकलेला सामना यांनी जो आनंद वाटतो त्यात डोपामिन नावाच्या रसायनाचा मोठा भाग असतो. मेथ मेंदूतील पेशींना हे रसायन एकदम ओतायला लावते आणि ते परत आत घेण्याची वाटही अडविते. ओढून घेतले तर काही सेकंदांत हा परिणाम मेंदूत पोहोचतो. कोकेनचा अंमल तासाभरात ओसरतो, मेथचा मात्र दहा-बारा तास टिकतो. भूक मरते, झोप उडते, छातीचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, अंगाचा ताप चढतो. हृदयविकाराचा झटका किंवा मेंदूत रक्तस्राव तरुण वयातही होऊ शकतो. अंमल उतरला की आलेली उदासी इतकी गडद असते की, ती घालविण्यासाठी तो पुन्हा घेतो. काही महिन्यांत साध्या गोष्टींत आनंद वाटेनासा होतो. तोंड कोरडे पडून आणि दात खाऊन दात किडतात, वजन झपाट्याने उतरते. सुईने घेणाऱ्यांत एच.आय.व्ही. आणि काविळीचा संसर्ग पसरतो. आणि सलग जागरणानंतर तो भ्रम सुरू होतो, जो आपल्या मुलाला झाला होता: कुणीतरी पाळत ठेवतो आहे, कातडीखाली किडे फिरत आहेत. यात करणी नाही, भानामती नाही. डॉक्टरांना हा भ्रम ठाऊक आहे आणि त्यावर औषध आहे.

पुढची कथा सांगतो. ट्रकच्या प्रसंगानंतर घाबरलेल्या नातेवाइकांनी त्याला एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात टाकले. 'टाकले' हाच शब्द योग्य. तेथे त्याला खाटेला साखळीने बांधून ठेवीत आणि बडबड केली की मारीत. घरच्यांना पहिले पंधरा दिवस भेटू दिले नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार दारू व अंमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था या मानसिक आजारात गणल्या जातात आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास त्याच कायद्याने स्पष्ट मनाई आहे. हे आम्हालाही तेव्हा ठाऊक नव्हते. भेटीस गेलो तेव्हा त्याच्या मनगटावरचे वळ पाहून वडील एकच वाक्य बोलले, "सर, ऊसतोडीत बैलालाबी असं बांधत न्हाईत." त्याच दिवशी त्याला तेथून काढून जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले.

तेथे पहिले चार-पाच दिवस तो जवळजवळ झोपूनच होता. उठायचा, खायचा, पुन्हा झोपायचा. डॉक्टरांनी भ्रमावर औषध दिले आणि आईला जवळ बसवून सांगितले की, भिंतीत माणसे आहेत असे तो म्हणाला तर वाद घालू नका, हो-ला हो पण करू नका. 'तुला भीती वाटते आहे, मी इथे आहे' एवढेच म्हणा. त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. खरा धोका झोप पूर्ण झाल्यावर येतो. नशा उतरून पडलेल्या या खड्ड्यात, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, मरणाचे विचार येतात. म्हणून त्याला एकटे ठेवू नये, घरात कीटकनाशक आणि दोर नजरेआड ठेवावेत. शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या घरांत ही सूचना किती महत्त्वाची आहे, हे आपण जाणतो.

पालक आम्हाला नेहमी विचारतात की, यावर गोळी नाही का? अफूच्या जातीच्या नशेवर पर्यायी औषधे आहेत, मेथसाठी तसे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. 2021 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नाल्ट्रेक्सोन आणि बुप्रोपिऑन ही दोन औषधे एकत्र दिल्यावर शंभरातील सुमारे 14 जणांना गुण आला, तर नुसते खोटे औषध घेणाऱ्यांत दोन-तीन जणांनाच. म्हणजे आशा आहे, पण जादू नाही. कुणी 'चहातून द्या, सात दिवसांत सुटेल' असे चूर्ण विकत असेल तर त्यावर एक रुपयाही घालवू नये.

मेथच्या बाबतीत आजवर सर्वाधिक उपयोगी ठरलेली पद्धत ऐकून आम्हा शिक्षकांना हसू येईल. रुग्णाची ठरावीक दिवसांनी लघवी तपासतात. त्यात नशा आढळली नाही की त्याला लहानसे बक्षीस देतात, आणि सलग यश मिळत गेले तर बक्षीस वाढवीत नेतात. पहिलीच्या वर्गात हजेरीला चांदणी देतात तसे! कारण सरळ आहे. ज्या मेंदूला लहान सुखाची चव उरलेली नाही त्याला ती पुन्हा थोडी थोडी शिकवावी लागते. तिच्या जोडीला समुपदेशन. कोणत्या प्रसंगी हात पुन्हा तिकडे जातो, हे रुग्णाने स्वतः ओळखायचे. आपल्या मुलाच्या बाबतीत पगाराचा दिवस, एका विशिष्ट चौकातला पानठेला, मोबाईलमधला एक नंबर आणि जागरण ही चार ठिकाणे निघाली. नंबर त्याने आईसमोर पुसला. मोटारसायकल वडिलांनी विकली. या निर्णयावर तो महिनाभर रुसून होता.

सात महिन्यांनी त्याने पुन्हा एकदा घेतले. त्याने स्वतःच सांगितले. वडील कोसळले, त्यांच्या मते सगळे पाण्यात गेले. समुपदेशक ताईंनी मात्र वहीत तारीख लिहिली आणि म्हणाल्या, "दादा, सात महिन्यांपूर्वी तू सांगायला आला नसतास." या आजारात घसरणे हा उपचाराचाच एक टप्पा असतो, मधुमेहात साखर वाढते तसा. साखर वाढली म्हणून कुणी रुग्णाला घराबाहेर काढीत नाही. मेंदूच्या तपासण्यांवरून असे दिसते की, वर्ष-दीड वर्ष नशा पूर्ण बंद राहिली तर डोपामिनची बिघडलेली यंत्रणा पुष्कळशी सावरते. स्मरणशक्ती आणि हालचालींतला मंदपणा मात्र सगळाच जातो असे नाही. तेव्हा धीर धरायचा तो वर्षाच्या मापाने.

कायद्याविषयी दोन गोष्टी प्रत्येक पालकाला ठाऊक हव्यात. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात कलम 64 अ आहे. स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ जवळ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागली, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालविण्यापासून तिला संरक्षण मिळू शकते; उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येते. पोलिसांच्या भीतीने मुलाला घरात लपवून ठेवणाऱ्यांनी हे कलम लक्षात ठेवावे. दुसरी गोष्ट भीतिदायक आहे. मेथच्या बाबतीत दोन ग्रॅमपर्यंतचे प्रमाण अल्प आणि 50 ग्रॅमपासून पुढचे व्यापारी मानले जाते. व्यापारी प्रमाणाला किमान 10 वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड आहे, जामीनही अत्यंत कठीण. 50 ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे. आपल्या गरीब मुलांना 'ही पिशवी फक्त अमुक स्टेशनवर दे' असे सांगून दोन-तीन हजार रुपये देणारे लोक शहरांत आहेत. पिशवी देणारा क्वचितच सापडतो. नेणारा सापडतो.

उपचारासाठी कुठे जावे? जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करावी. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आहे. त्याच्या कामाविषयी मराठी वाचकाला वेगळे सांगणे नको. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीसाठीची मोफत दूरध्वनी सेवा 14446 या क्रमांकावर आहे आणि मानसिक आधारासाठी टेलि-मानस ही सेवा 14416 वर. कोणत्याही खासगी केंद्रात दाखल करण्यापूर्वी त्याची नोंदणी पाहावी, डॉक्टर रोज येतात का ते विचारावे आणि घरच्यांना भेटू देतात का ते पाहावे. भेटू देत नसतील तर पाऊल मागे घ्यावे. छातीत दुखणे, खूप ताप, झटके, बेशुद्धी यांपैकी काही दिसले तर मात्र केंद्र शोधण्यात वेळ न घालविता थेट रुग्णालयाची आपत्कालीन सेवा गाठावी आणि काय घेतले आहे ते डॉक्टरांना न लपविता सांगावे.

आता आपल्या शाळेविषयी. मुलगा सावरल्यावर एका संध्याकाळी आम्ही विहाराच्या पायरीवर बसलो होतो. आम्ही विचारले, पहिल्यांदा का घेतलेस? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, रागावू नका. 14 एप्रिलला आपण सलग 18 तास अभ्यासाला बसायचो ना. मला ते जमायचं. तुम्ही माझं नाव फळ्यावर लिहायचात. पुण्यात डबे पोहोचवून आलो की जमेना. खोलीतला एक जण म्हणाला, हे घे, 18 काय, 36 तास बसशील."

यावर आम्ही आजपर्यंत विचार करीत आहोत. बाबासाहेबांचा अभ्यास हा आपल्या समाजाचा प्राण आहे आणि तो उपक्रम मुलांच्या मनात ग्रंथांविषयी आदर निर्माण करतो, याविषयी आम्हास शंका नाही. परंतु आम्ही मुलांना त्या अभ्यासाचे तास मोजायला शिकविले. बाबासाहेबांनी जागरणाची, मधुमेहाची, दुखऱ्या पायांची किती किंमत मोजली आणि वयाच्या अवघ्या 65 व्या वर्षी ते आपल्यातून गेले, हे त्याच तासाला शिकविले नाही. पाचव्या शिलात मादक पदार्थांचा उल्लेख प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, कारण म्हणून येतो. सावधपणाला झोप लागते, ही गोष्ट भन्तेजींनी आम्हास हसत हसत सांगितली तेव्हा आम्ही चपापलो.

गेल्या वर्षी आम्ही शिक्षकसभेत असा प्रस्ताव मांडला की, हा उपक्रम 18 तासांचाच ठेवावा, पण तो दोन दिवसांत, दररोज नऊ तास असा विभागावा आणि रात्री दहानंतर वसतिगृहाचे दिवे बंद करावेत. वाद झाला. काही माजी विद्यार्थ्यांनी आम्हावर परंपरा मोडल्याचा ठपका ठेवला. एकाने तर लांबलचक पत्र पाठविले, ते आम्ही जपून ठेवले आहे, कारण त्यातील काही मुद्दे बरोबर आहेत. प्रस्ताव थोड्या मतांनी मंजूर झाला. दुसरा प्रस्ताव असा होता की, वसतिगृहातील मुलाजवळ नशेचा पदार्थ सापडला तर त्याचे नाव लगेच कमी करू नये. आधी पालकांना बोलवावे, रुग्णालयात न्यावे आणि उपचार चालू असेतो त्याची जागा राखून ठेवावी. विक्री करणाऱ्याची गोष्ट वेगळी. 'एका नासक्या आंब्याने आढी नासते' असे म्हणणारे सहकारी अजूनही आहेत आणि शंभर मुलांची जबाबदारी ज्यांच्या डोक्यावर आहे त्या अधीक्षकांची काळजी आम्ही समजू शकतो. हा प्रस्ताव अद्याप संस्थेच्या कार्यकारिणीपुढे आहे. कार्यकारिणीत माजी विद्यार्थ्यांचे तीन प्रतिनिधी बसतात. त्यांनी आपले मत कळवावे.

तो मुलगा आता तालुक्याच्या गावी एका झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. दुकान रात्री आठला बंद होते. नशेशिवाय त्याला चौदा महिने झाले आहेत. परीक्षेचा अर्ज या वर्षी भरला नाही, पुढच्या वर्षीचे पाहू म्हणतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात तो आणि समुपदेशक ताई बसतात. येणाऱ्याचे नाव विचारीत नाहीत, वहीत लिहीत नाहीत. गेल्या वेळी दोन आया आल्या होत्या, एक बाप बाहेर चपलांपाशी उभा राहून परत गेला. तो बाप हे वाचीत असेल तर त्याने पुढच्या रविवारी आत यावे. चहा आम्हीच करतो.